हळव्या भाताची पाळी

माझी थोरली बहीण गेली त्या वर्षी घरात तांदूळ फार होता. कर्जतला आम्ही दोघीच राहायचो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पुस्तकांत आणि ती स्वयंपाकघरात, अशी आमची वाटणी होती. पौषात तिने नेहमीसारखा वर्षाचा तांदूळ एरंडेल लावून डब्यांत भरला आणि फाल्गुनात ती गेली. मला एकटीला तो संपेना.

पळसदरीच्या पुढच्या एका वाडीवरून माझ्याच वयाची एक बाई दारावर शेवळं ही रानभाजी विकायला यायची. ज्येष्ठात एकदा मी तिला म्हटलं, "यातला एक डबा घेऊन जा."

तिने टोपली खाली ठेवली. "द्या की. नाय कोन म्हनतंय? पन बाई, ह्यो डबा चार दिसांत संपल. मंग मी पुन्हा दुसऱ्याच्या लावणीला, आनि माजं रोप म्हातारं."

मला कळलं नाही. मग पायरीवर बसून तिने, मठ्ठ विद्यार्थ्याला सांगावं तसं मला समजावलं. आषाढात घरात दाणा नसतो, म्हणून लोक रोजावर दुसऱ्यांची शेतं लावायला जातात. तोवर स्वतःचं रोप जून होतं. जून रोपाला भात कमी येतं, आणि पुढच्या आषाढाआधीच कणगी रिकामी होते. पूर्वी सगळी वाडी मिळून एकेकाचं शेत लावत असे. ज्याचं शेत, त्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं.

"मग आता का नाही करत?"

"जेवाया काय घालू? माती?"

एवढंच होतं ते. वाडीतल्या नऊ घरांची रीत एका जेवणापायी मोडली होती. नऊ दिवस एकत्र चूल पेटली तर वाडी आपली शेतं आधी लावू शकत होती. मी आमच्या आळीत विचारून पाहिलं. वर्षाचा तांदूळ भरणारी घरं अजून बरीच आहेत. कुणी तांदूळ दिला, कुणी डाळ. एकीने सुक्या कोलंबीचे सोडे दिले आणि ते कसे शिजवायचे यावर मला पाव तास ऐकवलं. लाकूडफाटा, रानभाजी आणि चिंबोऱ्या वाडीच्या.

आषाढात लावणी सुरू झाली. पहिल्याच सकाळी मजूर न्यायला पोशीरकडचा टेंपो आला आणि भोंगा वाजवत राहिला. माझी शेवळंवाली कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"नऊ दिसांनी ये रं. आज आमच्याच घरी लावणी हाय."

"आमच्याकडं रोज मिळतो, मावशे. हितं काय मिळतंय?" टेंपोवाल्याने विचारलं.

"सोडे!" ती म्हणाली. टेंपो रिकामा परत गेला.

मी हाताशी असावं म्हणून चुलीजवळ बसत होते. खरं तर माझं काम आधीच झालं होतं. कुणाची पाळी कधी, याचा तक्ता मी चौकटी आखून, सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. वरच्या घरापासून सुरुवात, खालच्या घराशी शेवट. शेवटचं घर शेवळंवालीचं.

चौथ्या दिवशी बांधावरून जाताना तिचं रोप पाहिलं. बाकीच्यांच्या रोपांहून ते उंच, पिवळट, वाऱ्यावर लवलेलं.

"हे असं का?"

ती वाकून बांधावरचं गवत उपटू लागली. तिची सून न राहवून म्हणाली, "आमचं हळवं हाय, बाई. लवकर पिकनारं. त्याचं रोप गरव्यासारखं थांबत नाय. आजउद्या नाय लावलं तर गेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी लिवलं व्हतं ना," सून म्हणाली.

सासूने मान फिरवली. "तुमाला मीच आनलं हितं. पयली पाळी मागितली असती तर लोक म्हनले असते, बाईला हिनं सोतासाठी आनली."

मी कानकोंडी झाले. भाताच्या लवकर पिकणाऱ्या हळव्या आणि उशिरा पिकणाऱ्या गरव्या अशा जाती असतात, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तक्ता आखताना मात्र मी फक्त घरं मोजली. दुपारी जेवताना मी सगळ्यांसमोर तसं सांगून टाकलं. पाचव्या दिवसाची पाळी असलेला आजा तंबाखू मळत होता.

"माजा गरवा हाय," तो म्हणाला. "चार दिस गप बसल. मी बसतो का नाय गप, म्हातारीम्होरं?"

"तू कवा गप बसला रं?" त्याची बायको म्हणाली, आणि सगळे हसत उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळी वाडी शेवळंवालीच्या खाचरात उतरली. मीही उतरले. दोन मुठी लावल्या. त्या सुनेने उपटून पुन्हा सरळ लावल्या. दुपारच्या आत खाचर भरलं. कडेची थोडी रोपं वाचली नाहीत, बाकीच्यांनी चार दिवसांत मान वर केली.

भादव्यात वाडीतल्या कणग्या तळाला गेल्या. आश्विन लागला तेव्हा आठ घरांचा गरवा अजून हिरवा उभा होता, आणि तिचं हळवं तेवढं कापून, झोडून घरात आलं होतं. मी गेले तेव्हा ती ओट्यावर सूप घेऊन बसली होती. शेजारणी आपापली टोपली घेऊन येत होत्या, गरवा आला की परत करण्याच्या बोलीवर. आजा सगळ्यांच्या मागे उभा होता.

"काय आजा, गरवा झोपलाय वाटतं?" तिने विचारलं.

"झोपलाय. उठवू नको," आजा म्हणाला आणि त्याने टोपली पुढे केली. तिने ती शिगोशीग भरली.