बँजोवाला घरमालक

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या श्रूजबरी गावातल्या आमच्या घरमालकाचं अख्ख्या विसाव्या शतकाशी भांडण होतं, आणि एकविसावं उजाडल्यावर त्यानं तेही त्याच भांडणात ओढलं. बर्फ काढायच्या मशीनशी वैर, पानं उडवणाऱ्या ब्लोअरशी वैर, दारावरच्या बेलशी तर इतकं की तिची वायरच त्यानं कापून टाकली होती. ज्याला खरंच काम आहे तो दार ठोठावेल, असं त्याचं म्हणणं. पण सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ड्रम. हा माणूस केंटकीच्या डोंगरातला, सत्तरी ओलांडलेला, आणि जन्मभर ब्लूग्रास वाजवत आलेला. ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि माणसाएवढा उभा बास घेऊन वाजवायचं भरधाव संगीत. त्यात ड्रम नाही आणि विजेवरचं वाद्यही नाही. "ज्याला स्वतःच्या छातीतला ठोका ऐकू येत नाही, त्याला ड्रम लागतो," असं तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला. मी फक्त किल्ली मागायला गेलो होतो.

एकदा कुठल्याशा जत्रेत त्याच्या साथीदारांनी हौसेनं एक ड्रमवाला आणून बसवला. म्हातारा स्टेजवरून उतरला, आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला आणि काच खाली करून उरलेला कार्यक्रम त्यानं तिथूनच वाजवला. मी नवाकोरा आयपॉड मोठ्या कौतुकानं दाखवला, तेव्हा त्यानं तो कानाला लावून थोडा वेळ ऐकलं आणि परत देताना विचारलं, की यातली माणसं वाजवताना एकमेकांकडे बघतात का. त्या आठवड्यात मी आयपॉड जरा लपवूनच वापरला.

खाली तो आणि वरच्या मजल्यावर आम्ही, अशा घरात माझी भाची आमच्याकडे राहायला आली. मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये जन्मलेली, शेजारच्या वुस्टर शहरात एका लॅबमध्ये नोकरी, आणि उरलेल्या वेळात गिटार घेऊन स्वतःची गाणी करायची. त्यातलं एक तिच्या बाबांवर, म्हणजे माझ्या भावोजींवर होतं. कार कंपनीतली त्यांची नोकरी गेली, तरी कित्येक महिने ते रोज सकाळी शर्टाला इस्त्री करायचे, टाय लावून बाहेर पडायचे आणि संध्याकाळपर्यंत लायब्ररीत बसून घरी यायचे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एका शनिवारी दुपारी ती हे गाणं म्हणत असताना खालून छताला झाडूच्या दांड्याचे दणके बसले. मी माफी मागायला खाली धावलो, तर म्हातारा दारातच उभा. आवाजाबद्दल त्याची तक्रारच नव्हती. दुसऱ्या कडव्यात एक ओळ जास्त आहे, इस्त्री तापल्याचं तिनं दोनदा का सांगितलं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

भाची संतापून खाली गेली आणि अंधार पडायच्या सुमाराला ती ओळ कापून वर आली. तेव्हापासून शनिवार-रविवार ती खालीच असायची. तिला गाणं संथ हवं होतं, कारण ते दुःखी होतं. दुःखी आहे म्हणूनच ते पळवायचं, असं म्हातारा म्हणे. रडायचं की नाही ते ऐकणारे ठरवतील. या भांडणांतून बघता बघता एका रेकॉर्डपुरती गाणी तयार झाली.

बॉस्टनच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला ती फार आवडली. मीच दोघांना गाडीतून घेऊन गेलो होतो. त्याच्या अटी दोनच होत्या. एक, बँजोवर दुसरा कुणी तरुण हवा, कारण म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली होती आणि ते लपत नव्हतं. दुसरी, थोडा तबला, थोडी सतार घालावी, म्हणजे मुलीच्या मुळांचा गंध येईल. आता स्फोट होणार म्हणून मी खुर्ची घट्ट धरली. म्हातारा आपल्या हाताकडे बघत हळूच म्हणाला, "मला काढा. ते बरोबरच आहे. पण तबला नको. तो माणूस इस्त्री करत होता त्या स्वयंपाकघरात तबला नव्हता."

त्याला माघार घेताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते बघवलं नाही. भाचीनं शांतपणे गिटार पेटीत ठेवली. "गाणी माझी आहेत," ती त्या माणसाला म्हणाली, "पण रेकॉर्ड आमच्या दोघांची आहे. मामा, चल."

परतीच्या वाटेवर म्हातारा तिला सारखा सुनावत होता, की तिनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. शेवटी तिनं त्याला सांगितलं, की गप्प बसला नाहीत तर हायवेवर उतरवून देईन.

रेकॉर्डिंग त्यांनी म्हाताऱ्याच्या साथीदारांना घेऊन एका चर्चच्या हॉलमध्ये स्वतःच केलं. मधोमध एकच माइक, भोवती सगळे गोल उभे, ज्याची पाळी त्यानं एक पाऊल पुढे यायचं. हीटर गुणगुणतो म्हणून बंद, त्यामुळे ऐन फेब्रुवारीत सगळे कोट-टोप्या घालून. "वेग कमी करणार नाही, सूर कमी करीन," असं म्हाताऱ्यानं आधीच जाहीर केलं होतं. बोटं पोचत नव्हती ते सूर त्यानं सोडून दिले, आणि त्या मोकळ्या जागांमधून माझ्या भाचीचा आवाज असा काही निघाला, की फिडलवाला आपली पाळी विसरून ऐकतच राहिला.

रेकॉर्डचा पहिला कार्यक्रम गावातल्या शाळेत झाला. ताई आणि भावोजी नोव्हायहून आले होते, भावोजी टाय लावून. ते गाणं सुरू झालं तेव्हा ताईनं माझा हात घट्ट धरला. भावोजी मान खाली घालून शेवटपर्यंत बसले, मग उठून थेट म्हाताऱ्याकडे गेले. "तुम्ही हे भरधाव वाजवलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "हळू वाजवलं असतं, तर मी उठून गेलो असतो." मग त्यांनी मुलीला जवळ घेतलं.

पुढच्या वर्षी म्हातारा केंटकीला बहिणीकडे राहायला गेला. रविवारी त्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली विचारायची पद्धत नाही; फोन टेबलावर ठेवायचा आणि बँजो वाजवायचा. दर खेपेला सूर थोडे कमी झालेले असतात. परवा मी न राहवून हाताचं विचारलं. "अंगठा अजून माझं ऐकतो," तो म्हणाला, आणि एकाच तारेवर बराच वेळ वाजवत राहिला. मी आणि बायको स्पीकर लावून उभ्याउभ्याच ऐकत होतो, आणि आधी फोन ठेवायचं धैर्य आमच्यापैकी कुणालाच होईना.