सखूची उन्हाळी

मंडळी, आजचीच गोष्ट. शेजारच्या सखूला सकाळी उन्हाळी लागली. लघवीला थेंबथेंब व्हायचं आणि आग आग. भिंतीला धरून पोर रडत होती.

मी पळसाची फुलं वाफवून ओटीपोटावर बांधली आणि धन्याजिऱ्याचं पाणी दिलं. तिनं नुसते ओठ ओले केले.

"पी की गं!"

"नगं काकू. दिस मावळायला लई येळ हाय."

आपल्याकडं बायकांनी अंधार पडल्यावरच लघवीला बाहेर जायचं. म्हणून ही भर उन्हात पाण्याला शिवत नाही. तिची सासू म्हणाली, "आमी न्हाई का दिस काढले?"

"काढलेस बाई. पण तुझी थोरली सून याच दुखण्यानं गेली, इसरलीस?"



दुपारी सखूला हुडहुडी भरली, कंबरेत कळा आल्या. ताप चढला की फुलं-धने पुरत नाहीत. लगोलग गाडी जुंपून तिला मंचरच्या दवाखान्यात धाडली. पाण्याचा तांब्या घेऊन सासूच शेजारी बसली.

आता दिवस मावळलाय. सखूला पाणी प्यायची मुभा झाली, पण गाडी अजून परतली नाही.

तुमची सून आज दिवसा पाणी प्याली का? आत्ताच उठून विचारा.