कोपरा फाटलेलं कार्ड

म्हातारी माणसं सांभाळायची मजुरी कुणी मागतं का? छबूबाईने मागितली, तेव्हा आमच्या वस्तीने तोंडात बोटं घातली. मीही घातली. आणि मी म्हणजे नगरला शिकलेला, दोन इयत्तांचा एकटा मास्तर, स्वतःला मोठा सुधारक समजणारा.

गोष्ट एकाहत्तरच्या दसऱ्याची. पाथर्डीच्या पलीकडे माळावर आमची तीस-पस्तीस घरांची वस्ती. दसरा झाला की धडधाकट माणसं गाड्या जुंपून कोपरगावकडे ऊस तोडायला जायची, ती चैत्रातच परतायची. मागे राहायची म्हातारी, थोडी शाळेची पोरं आणि मी. म्हाताऱ्यांची सोय म्हणजे घरात पोतंभर बाजरी आणि शेजारच्या घरातली दुसरी म्हातारी. दर साली एखाददुसरं माणूस चैत्राआधीच जायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

छबूबाई नवऱ्याने टाकलेली, तिशीची, भावाकडे राहणारी. भाऊ कारभारी तिला दर साली तोडीला न्यायचा. त्या सकाळी गाड्या जुंपल्या आणि ही बाई पारापाशी येऊन उभी राहिली.

"मी येत न्हाई तोडीला. हितं राहून म्हातारी सांभाळते. आठ जनं हायेत. भाकर, पानी, आंघूळ, हागनं-मुतनं समदं करीन. म्हाताऱ्यामागं म्हैन्याला दोन पायल्या बाजरी द्या."

कारभारीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "लोकाचं गू काढनार, आन वर मजुरी घेनार? लाज हाय का?"

"ऊस तोडायची मजुरी घेताना लाजत न्हाई आपुन. मग हितंच का?"

 शेवटी बन्सी पुढे झाला. त्याचा बाप गहिनीनाथआबा गुडघ्यांनी पार बसला होता, आणि बन्सीला त्याची काळजी होती, हे कबूल केलं पाहिजे. त्याने बाजरी कबूल केली, त्याचं बघून बाकीच्यांनीही केली. पण पारावर सगळ्यांसमोर अट ठरली: एक जरी तक्रार आली, तरी हे थेर बंद. पुढच्या दसऱ्याला छबूने मुकाट्याने कोयता धरायचा.

आणि मग मी तिचं काम पाहिलं. उजाडताच आठ घरं फिरायची. ज्याला दात नाहीत त्याची भाकरी ताकात कुस्करून, ज्याला दिसत नाही त्याच्या हाताला घास लावून. कुणाची नखं काढ, कुणाची पाठ शेक. आंघोळीला नकार देणाऱ्या म्हाताऱ्याला ती असं झापायची, की मला माझ्या शाळेतल्या शिस्तीची लाज वाटावी. तीन महिन्यांत आठातलं एकही माणूस दगावलं नाही. हे पहिल्यांदाच घडत होतं.

दर महिन्याला आठ कार्डं टाकायची, हेही तिनंच ठरवलं. लिहायचो मी. तिकडे कारखान्यावरचा कारकून ती वाचून दाखवायचा.

पौषात गहिनीनाथआबांचं कार्ड लिहिलं. "आबा खुशाल आहेत. तंबाखू संपली, येणाऱ्याबरोबर धाडा." आणि सही करताना शाईचा मोठा थेंब कोपऱ्यावर पडला. माझ्या अक्षराचा मला भारी तोरा. दुसरं कार्ड जवळ नव्हतं, पोस्ट दोन कोसांवर. मी पट्टी धरली आणि डागाचा कोपरा सुबकपणे फाडून टाकला. वर स्वतःवर खूश झालो. कार्डं छबूबाईने फडक्यात बांधून पोस्टमनच्या हाती दिली.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताचं कार्ड. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ते वाचून घ्यायलाही कुणी थांबत नाही. कोपरा दिसला की रडायचं, कार्डाचे तुकडे करायचे आणि वाहत्या पाण्यात सोडायचे. मलाही ठाऊक होतंच. पण त्या वेळी मला फक्त डाग दिसत होता.

कार्डं गेल्यावर नवव्या दिवशी सकाळी छबूबाई आबांना ओट्यावर उन्हात बसवून गुडघ्यांना तेल चोळत होती. मी शाळेच्या दारात. बन्सी आणि त्याचा धाकटा भाऊ छगन वाटेने आले, डोकी गुळगुळीत केलेली. गोदावरीवर डोकी करून, आंघोळ करून, बापाच्या दहाव्याला निघालेले. मागे बायका गळा काढत होत्या. ओट्याकडे लक्ष गेलं आणि सगळ्यांचे पाय जागीच थिजले.

आबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "आरं, डोकी का केली? कोन गेलं?"

 शेवटी छगन म्हणाला, "आबा, तुमीच."

म्हाताऱ्याने आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग तो लहान पोरासारखा मोठ्याने रडायला लागला. तसलं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

बन्सी छबूबाईवर धावला. "फाटका कागद धाडलास! जित्या मानसाला मारलंस! ह्याची बाजरी घेतीस व्हय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एका नजरेत तिला सगळं कळलं होतं. तिने नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी सुटली असती. घेतलं नाही. बहुधा मीच बोलेन म्हणून थांबली असेल. माझी दातखीळ बसली होती. मास्तरने असली चूक केली हे लोकांना कळलं तर माझं काय राहील, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात आबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "तिला का बोलतो? म्याच धाडाया लावला. डोक्याला कावळा शिवला माझ्या."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कावळा डोक्याला शिवला की मरण येतं म्हणतात, आणि ते टळावं म्हणून नातलगांना मेल्याचा खोटा सांगावा धाडतात. ते खरोखर रडले की गंडांतर गेलं. बन्सी हसला, रडला, बापाच्या पायाला मिठी मारून बसला. दुसऱ्या दिवशी ते परत तोडीला गेले. आबा खोटं बोलले होते, छबूबाईचं काम वाचलं होतं, आणि मी मूग गिळून बसलो होतो.

पुढचं साल बहात्तरचं. दुष्काळाने माणसं हैराण झाली, आणि या वेळी कुणी बाजरीवरून हुज्जत घातली नाही. छबूबाईकडे अकरा म्हातारी आली.

माघात गहिनीनाथआबा दोन दिवसांच्या तापाने गेले. छबूबाई माझ्या दारात आली. "ल्ह्या, मास्तर." मी लिहिलं. कोपरा तिने स्वतःच्या हाताने फाडला.

तिरडीला मी आणि तीन थकलेले म्हातारे. अग्नी छबूबाईने दिला. दहावा झाला, तेरावा झाला, पोरं आली नाहीत. दोन महिने मी त्या भावांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. नवल वाटायचं, की खोट्या मरणाला धावत आलेली माणसं खऱ्या मरणाला येत नाहीत.

चैत्रात गाड्या परतल्या. बन्सीच्या हातात तंबाखूचा मोठा पुडा. गाडीवरूनच तो हसत ओरडला, "आबा! कावळा गेला का न्हाई? का औंदा बी शिवला?" आणि मुंडाशातून त्याने माघातलं ते कोपरा फाटलेलं कार्ड काढलं. फाडलं नव्हतं, पाण्यात सोडलं नव्हतं. बापाची गंमत म्हणून जपून ठेवलं होतं.



ओटा रिकामा होता. बन्सीने ओट्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. "मास्तर, वाचा." मी वाचलं. "आबा काल पहाटे गेले. शेवटी तुम्हा दोघांची नावं घेत होते. लवकर या."

छगन मटकन खाली बसला.  मग बन्सीचं लक्ष छबूबाईकडे गेलं. "तवाचा त्यो पयला कागद," तो पुटपुटला, "तुझ्यापायी..." मागून कारभारीचा आवाज आला, "बास झालं. औंदापासनं कोयता धर, छबे."

तेव्हा मी बोललो. "पहिल्या कार्डाचा कोपरा मी फाडला होता. शाईचा डाग पडला म्हणून. कावळा शिवलाच नव्हता. हिच्यासाठी आबा खोटं बोलले. आणि मी गप्प बसलो."

मला कुणी शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

छबूबाई उठली. घरामागच्या लिंबाच्या फांदीला फडक्यात बांधलेल्या अस्थी होत्या. जमिनीला टेकू न देता त्या तिने दोन महिने राखल्या होत्या. तिने ते गाठोडं सोडून आणलं आणि बन्सीच्या हातात दिलं.

"गेल्या साली गोदावरीवर डोकी केली, तवा ह्ये न्यायचं ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली. "आता न्या."

आणि ताकाची कासंडी उचलून ती दुसऱ्या घराकडे निघाली. अजून दहा जणं जेवायची होती.