पदराआडचं जालना

बहात्तरचा दुष्काळ सरला अन् लग्न होऊन मी धावड्याहून जालन्यात, मस्तगडला आले. वर्षभरात नदीपलीकडच्या शाळेत मास्तरीण म्हणून बोलावणं आलं. मी हरखून गेले, तर सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, अट घातली. "आधी एकटी शाळेपर्यंत जाऊन दाखव. भरबाजारात वाट इचारत फिरणारी सून मला बिलकुल चालायची न्हाई. इचारलंस, तर नोकरीचं नाव काढू नको."

तसा तो रस्ता मी आत्याबाईंच्या मागं किती वेळा तुडवला होता! पण कसा? नाकापर्यंत पदर अन् नजर त्यांच्या टाचांवर.

त्या दिवशी कोपरा वळले अन् पदर सारला मागं. अगं बाई! केवढं हे गाव! मान मोडेल एवढी उंच वेस, तिच्या दगडांत उगवलेला पिंपळ, त्यावर पोपटांचा नुसता कालवा. मशिदीचा घुमट, लाकडी सज्जे, सज्ज्यांत वाळत घातलेल्या मिरच्या. मी येड्यासारखी बघत सुटले. पूल ओलांडला तर समोर शाळा. उड्या माराव्याशा वाटल्या!

येताना मात्र फजिती. वेशीतून आत आले तर तीन गल्ल्या फुटलेल्या, अन् तिन्हींतले सज्जे एकसारखे. यातली आपली कुठली? पानवाला बघून राह्यला होता. त्याला विचारलं असतं तर जल्दी घरी पोचले असते, पण ते आत्याबाईंच्या कानावर गेलंच असतं. गेली नोकरी, म्हटलं! डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून पदर नाकापर्यंत ओढला. अन् काय सांगू, खाली सगळं ओळखीचं! दुभंगलेली फरशी, मंग मोरीवर टाकलेली जात्याची तळी, पुढं रंगाऱ्याच्या दारातला निळा ओघळ. या खुणांच्या मागं मागं मी बराबर घरी.

आत्याबाई उंबऱ्यातच उभ्या. "कुणाला इचारलं?"

"कुणालाच न्हाई."

त्यांनी पाणी दिलं. मला कुठला दम! वेस, पिंपळ, पोपट, सगळं भडाभडा सांगून बसले. मंग जीभ चावली. पदर मागं सारल्याशिवाय हे दिसलं कसं? आता बोलणी बसणार.

आत्याबाई उंबऱ्यातच टेकल्या. याच गावात त्यांच्या डोक्याचे केस पांढरे झाले होते.

"येशीवर पिंपळ हाय व्हय गं?" त्या हळूच म्हणाल्या.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी निघाले, तर त्या चपला घालून तयार. कोपरा वळल्यावर मीच त्यांचा पदर मागं सारला.