बेलभंडाऱ्याला मुदत नव्हती

दिल्लीचं राजकारण गावात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. दिंद्रुडच्या स्टँडवरून पेपर आणायचा, दुपारी भाकरीला बांधावर बसायचं आणि शेजारच्या रानातल्या आबांना जगाची खबरबात द्यायची, हा माझा नेम. आबा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नाही, पण ऐकायची हौस दांडगी. "ते बर्फातलं भांडण मिटलं का रं बापू?" असं विचारायचे. म्हणजे रशिया-युक्रेन. मग मी तेल, गॅस, रणगाडे, कोण कुणाच्या बाजूनं, सगळं उलगडून सांगायचो. अमेरिका-चीननं एकमेकांच्या मालावर कर लावले तेव्हा तर माझी भाकरी तशीच राहिली, इतकं मी बोललो. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आपला कापूस पडणार, एवढंच ना? मग एवढं लांबून कशाला आलास?"

आबांची जात एक, माझी दुसरी. नावं सांगत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. लहानपणापासून आमचा बांधाला बांध. लम्पीच्या साथीत माझा एक बैल गेला, त्यांचाही एक गेला. नवी जोडी घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती, म्हणून आम्ही सावड केली. त्यांचा एक, माझा एक, मिळून एक जोडी. एक दिवस त्यांचं रान, एक दिवस माझं. पेरणी आता सगळ्यांचीच ट्रॅक्टरवर होते, पण पीक गुडघ्याला आलं की तासांमधलं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं, गवत काढायला कोळपंच लागतं, आणि कोळप्याला बैल. ट्रॅक्टर उभ्या पिकात घालता येत नाही. त्यातून आमची रानं धारूरच्या डोंगराकडची, चढ-उताराची. दोन्ही बैल एकमेकांना असे सरावले की आबांचा बैल दावणीला बांधायला नेला तरी माझा त्याच्या मागं चालू लागायचा.

मग ती लोकसभा आली.

त्या निवडणुकीत आमच्या जिल्ह्यात काय झालं हे मी पेपरात वाचायच्या आधी चहाच्या हॉटेलात पाहिलं. एका हॉटेलात एकच जात दिसू लागली. कटिंगच्या दुकानाचं तेच, किराण्याचं तेच. मोटारसायकलींवर स्टिकर आले. पोरं ज्या मोबाइलवर ज्वारीवरच्या भोरड्या पाखरांसारखी रात्रंदिवस तुटून पडली होती, त्यात दर दोन मिनिटाला कुणीतरी कुणाची तरी आई-बहीण काढत होतं. आमचीही पोरं त्यात होती, मागे नव्हती. माझा सख्खा पुतण्या गाडीवर काय लिहून फिरत होता ते मी इथं लिहू शकत नाही. त्याला बोललो तर म्हणाला, "काका, तुमी पेपर वाचा." पुढं पुढं तर जात कळू नये म्हणून पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनावं गेली, नुसती नावं उरली. असा जिल्हा देशात दुसरा असेल तर मला माहीत नाही.

मतदानाला आठवडाभर होता तेव्हाची गोष्ट. सकाळी रानात गेलो तर आबा बांधाच्या पलीकडं उभे. बैल सोबत नव्हता. त्या दिवशी उन्हाळी पाळी घालायची होती, म्हणजे माझं रान कुळवायचं होतं.

"बैल कुठंय?" मी विचारलं.

"बापू, घोटाळा झालाय," आबा म्हणाले.

आमच्याकडं निवडणुकीत बेलभंडारा उचलायची रीत जुनी आहे. कार्यकर्ते देवळात माणसं गोळा करतात, तळहातावर बेलाचं पान ठेवतात, त्यावर हळदीचा भंडारा टाकतात आणि अमक्यालाच मत देईन असं वदवून घेतात. आबा दर निवडणुकीला उचलायचे. मत देऊन आलं की शपथ फिटली, मोकळे. ह्याही वेळी त्यांच्या भावकीतला एक तरुण कार्यकर्ता घरोघर फिरून सगळ्यांना खंडोबाच्या देवळात घेऊन गेला. आबा नेहमीसारखे गेले, नेहमीसारखा हात पुढं केला. पान ठेवलं, भंडारा पडला. मग तो बोलू लागला. आधी मताचं बोलला. मग म्हणाला, "आन् त्या लोकांशी देणं-घेणं बंद. बैल न्हाई, मजुरी न्हाई, पाणी न्हाई, भाकर न्हाई. म्हणा."

"आन् तुमी म्हणलं?" मी विचारलं.

"हात भरल्याला हुता बापू," आबा म्हणाले. "भरल्या हातानं न्हाई कसं म्हणू?"

मी चिडलो. किती दिवसांची शपथ आहे, विचारलं. मुदत कुणी सांगितलीच नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती. मताची शपथ मतानं फिटते. ही कशानं फिटायची?

बोलायचं नाही असं मात्र शपथेत नव्हतं. त्यामुळं आमचं बांधावरचं बसणं चालू राहिलं. ते त्यांच्या बाजूला, मी माझ्या. ठेचा ज्याचा त्यानं खायचा. पेपरातलं मी सांगत होतो, ते ऐकत होते, पण मला त्यात राम वाटेना. कुठल्या देशानं कुठल्या देशावर क्षेपणास्त्रं टाकली हे सांगताना मधे दीड वीत बांध होता आणि त्याच्यावरून मला मिरचीचा तुकडा देता येत नव्हता. मला स्वतःचंच हसू यायचं, रागही यायचा.

त्या पावसाळ्यात दोन्ही बैल दावणीला उभे राहिले. एकट्या बैलाला जुवाखाली काय अर्थ? मी माझ्या भावकीतली जोडी आणून कोळपणी उरकली. आबांच्या भावकीत दुसरा एकही बैल उरला नव्हता. ज्यांनी शपथ घालायला गर्दी जमवली, त्यांच्या दारात ट्रॅक्टर उभे होते. दिवाळीनंतर आबांच्या मुलांनी येऊन बैल बाजारात नेला. एक मुलगा परळीला थर्मलच्या वीजकेंद्रात कंत्राटी, दुसरा पुण्यात गाडी चालवतो, दोघांना बैलाचं ओझंच वाटत होतं. आबा बाजाराला गेले नाहीत.

आणि मग, बघा, वर सगळं गोड झालं. ज्या दोन पुढाऱ्यांच्या नावानं आमच्याकडं हॉटेलं वाटली गेली, ते एका लग्नात शेजारी शेजारी जेवायला बसले. पेपरात फोटो आला. एकमेकांच्या खांद्यावर हात. मी तो पेपर घेऊन जवळजवळ पळतच रानात गेलो. मला खरंच वाटलं, संपलं आता.

"आबा, हे बगा! मिटलं त्यांचं. एका पंगतीला बसले."

आबांनी फोटो लांबूनच पाहिला. पेपर हातात घेतला नाही, तेही घेणंच झालं असतं.

"त्यांनी कुठं भंडारा उचलला हुता?" ते म्हणाले. "उचलला आमी."

मी पेपरची घडी घातली. इतकी वर्षं मी युती, आघाडी, फोडाफोडी, कोण कुणाच्या मांडीवर, हे सगळं सांगत आलो. वरची माणसं बोललेलं विसरतात म्हणूनच त्यांचं राजकारण चालतं, हेही मीच सांगितलं होतं. पण खालच्या माणसाला विसरता येत नसेल तर त्यानं काय करायचं, हे कुठल्या पेपरात येतं?

तरी मी हात-पाय हलवले. गुरवाला विचारलं. तो म्हणाला, ज्यानं शपथ घातली त्यानं देवापुढं येऊन सोडवली तर सुटते. म्हणून त्या कार्यकर्त्याला फोन लावला. फोन माझ्या हातात, आवाज मोठा केलेला, आबा पलीकडून वाकून ऐकताहेत. तो तोवर पक्ष बदलून समोरच्या बाजूला, म्हणजे आमच्या लोकांच्या नेत्याकडं गेला होता.

"काय ओ आबा, कुठं धरून बसलात!" तो हसत म्हणाला. "ती इलेक्शनपुरती गोष्ट हुती."

"मग तसं देवळात येऊन सांग," आबा म्हणाले. "तूच बांधलं, तूच सोड."

"येतो की. ह्याच आठवड्यात येतो."

आला नाही. पुन्हा फोन केला, पुन्हा येतो म्हणाला. शेवटी मी धारूरला जाऊन त्याला गाठलं. त्यानं मला चहा पाजला, मोबाइलमधले मोठ्या माणसांबरोबरचे फोटो दाखवले. मी त्याला चारचौघांत तोंडाला येईल ते बोललो. त्यानं मान हलवत सगळं ऐकून घेतलं. हल्लीचे कार्यकर्ते शिव्यासुद्धा मन लावून ऐकतात, पुढं मत लागतं ना. निघताना म्हणाला, "काका, लई मनाला लावून घेऊ नका." मी घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, तुम्हाला काय त्याचं, शपथ तर त्यांची आहे. तिलाही मी उगीच बोललो.

यंदा पाऊस लागून होता. उघडीप मिळेपर्यंत सोयाबीनमध्ये गवत माजलं. मी पुन्हा भावकीतली जोडी आणली, दोन दिवसांत मोकळा झालो. आबांच्या रानात पीक कुठलं आणि गवत कुठलं ते बांधावरून कळत नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर पीक हातचं गेलंच असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर आबा सायकल-कोळप्याला जुंपलेले. हे कोळपं म्हणजे जुन्या सायकलच्या चाकाला मागं पास, म्हणजे लोखंडी पातं, लावलेलं, हातानं ढकलायचं. ओल्या काळ्या जमिनीत एकट्यानं ते हलत नाही. म्हणून पुढं दोरी बांधलेली, दोरी आबांच्या खांद्यावर. मागं त्यांची बायको, आमच्या वहिनी, मूठ धरून ढकलत होत्या. आबा वाकून ओढत होते, पाय चिखलात घसरत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. दहा पावलं ओढायचे, थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, पुन्हा ओढायचे. माझा बैल माझ्या बाजूला लिंबाखाली रवंथ करत उभा होता.

मला राहवलं नाही. बांध ओलांडला, तासातून गेलो आणि आबांच्या पुढं जाऊन दोरी धरली. खांद्यावर घेतली. म्हटलं, "बैलाची शपत हाय ना तुमची? मी काय बैल न्हाई. चला."

आबा चालले नाहीत. मी ओढलं, दोरी ताणली गेली, कोळपं जागचं हललं नाही. मागं वळून पाहिलं. वहिनींनी मूठ सोडून पदर तोंडाला लावला होता. आबा घामानं निथळत होते.

"मजुरी बी म्हणल्याली हाय बापू," ते म्हणाले. "सोड."

"आबा, मरताल."

"मरू. पण तेवढी एक शपत पाळल्याली घेऊन जातो की संगं. सोड बाबा, तुज्या पाया पडतो."

आणि ते खरंच वाकू लागले. माझ्यापेक्षा थोरला माणूस, माझ्या पायाशी. मी घाईनं दोरी सोडली आणि मागं सरलो. ती त्यांनी उचलून पुन्हा खांद्यावर घेतली. मी माझ्या बांधावर येऊन बसलो. घरी जाता येत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. दुपारपर्यंत त्यांनी पिकाच्या चार ओळी काढल्या. तेवढा वेळ मी नुसता तिथं बसून होतो.