इन्स्पेक्टर काकांचा फोन मी रूट केला

इन्स्पेक्टर काकांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्याचं वजन सांगायचे. प्रसादाचा पेढा, लग्नाची पत्रिका, माझी ऑफिसची बॅग, काहीही. वस्तू तळहातावर किंचित वर-खाली करायची, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. इमारतीत नवीन येणाऱ्यांना ते पोलीस खात्यातले वाटत. प्रत्यक्षात ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची बरीच वर्षं मंडईतल्या गाळ्यांवरचे काटे तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही ते दिसले की जुने विक्रेते सवयीने काटा पुसायला घेत. "पुसताय कशाला? मी आता फक्त कोथिंबीर घेतो," असं म्हणून काका पुढे जात.

मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून मला ते 'खराडीकर' म्हणत. जिन्यात गाठ पडली की, "या खराडीकर, आज लवकर? जग बंद पडलं का?" माझा नवा फोन त्यांनी असाच तळहातावर जोखला होता. "दोनशे दहा ग्रॅम," ते म्हणाले, "आणि दिवसभर यात बघायचं काय, तर दुसऱ्यांनी काय खाल्लं ते." तरीही फोनचं काही अडलं की ते माझ्याकडेच येत. एवढा तिरकस माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो याचा मला फार अभिमान होता.

काकूंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. हात हळूहळू परत आला, शब्द येईनात. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी काकांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज एक चित्र दाखवायचं, काकूंनी त्याचं नाव म्हणायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. त्यात सफरचंद, विमान असली चित्रं होती. काकांनी ती पहिल्याच दिवशी नाकारली. "हिने जन्मात विमान चिरलेलं नाही," म्हणाले. मग ते रोज सकाळी मंडईतून एक भाजी आणू लागले. ती काकूंच्या हातात द्यायची, विचारायचं, "काय आहे?" आणि फोन पुढे धरायचा. पहिला शब्द आला 'मेथी'. 'दोडका' यायला अकरा दिवस लागले. एकदा कारलं हातात दिल्यावर काकू खणखणीत आवाजात "नको" म्हणाल्या. ते रेकॉर्डिंग काकांनी अख्ख्या इमारतीला ऐकवलं. ऐकवताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की, चौथ्यांदा ऐकतोय हे सांगायचा धीर व्हायचा नाही.

शंभराच्या वर शब्द झाले आणि फोन म्हणू लागला, जागा नाही. कंपनीनेच आधी भरून दिलेले खेळ आणि खरेदीची ॲपं त्यात ठाण मांडून बसली होती आणि ती काढता येत नव्हती. काका संतापले. "फोन माझा, आणि यातला पत्त्यांचा डाव मला काढता येत नाही? भाडेकरू कोण, मी की तो?"

आता खरं सांगतो. फोटो एका मेमरी कार्डावर हलवले असते, तरी भागलं असतं. दहा मिनिटांचं काम. पण मला फोन रूट करायचा होता. कंपनी आपल्याला फोन विकते आणि किल्ल्यांचा जुडगा स्वतःजवळ ठेवते. रूट केलं की तो जुडगा आपल्या हाती येतो, हवं ते काढता येतं. कॉलेजात असताना मी मित्रांचे फोन रूट करून भाव खायचो. काकांपुढेही मला तेच करायचं होतं.

काकांनी सगळं नीट विचारून घेतलं. "म्हणजे सील तोडायचं?"

"तसंच समजा. त्याआधी फोन पूर्ण पुसला जातो."

"आमच्याकडे नियम होता, काट्याचं सील तोडलं की पुढचं सगळं तोडणाऱ्याच्या माथी." मग म्हणाले, "पुसला जातो म्हणालास. हिचे शब्द?"

"फोटो मी लॅपटॉपवर घेतलेत, काका. शब्द क्लाउडवर असतात. परत लॉगिन केलं की येतात."

"तपासलंस?"

"हो," मी म्हणालो.

तपासलं नव्हतं. आमच्या धंद्यात सगळं कुठल्या तरी सर्व्हरवर असतंच, असं आम्ही धरून चालतो. ॲपमधून एकेक शब्द बाहेर काढून ठेवायची सोय होती, तीही मी पाहिली होती. शंभर वेळा तेच बटण दाबायचा मला कंटाळा आला.

रविवारी सकाळी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर मी फोन रूट केला. पत्त्यांचा डाव काकांनी स्वतःच्या बोटाने काढला आणि "चला, बाहेर!" असं जोरात म्हणाले. काकूही हसल्या. मग मी ते ॲप पुन्हा घातलं आणि लॉगिन केलं. यादी रिकामी होती. वर लिहिलं होतं, 'सुरुवात करू या. पहिला शब्द म्हणा.' ते शब्द फक्त त्या फोनमध्येच होते. संध्याकाळपर्यंत मी माहीत असलेले सगळे उपाय केले. काही हाती लागलं नाही.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. एक टोमणासुद्धा आला नाही. त्यांनी टोपलीतली एक भेंडी काकूंच्या हातात दिली, "काय आहे?" म्हणाले आणि फोन पुढे धरला. त्या दिवशी काकूंकडून शब्द आला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

तेराव्यानंतर काकांची मुलगी, वैशालीताई, म्हणाली, "बाबा, आईचं ते 'नको' लावा ना." मी तिथेच चहाचा कप घेऊन बसलो होतो. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हातून सगळं पुसलं गेलं. नको ते दाबलं."

ताईचा आवाज चढला. "किती वेळा सांगितलं होतं, फोनशी खेळू नका म्हणून! तेवढंच होतं हो आईचं!"

तिथे मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी कपात बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हणालो, "मी सांगतो ताईला." ते म्हणाले, "कशाला? सील तोडायला परवानगी माझी होती. आणि तुला अजून पुष्कळांचे फोन हातात घ्यायचेत. ती माझी मुलगी आहे, माझ्यावर रागावून कुठे जाते?" मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं. ताईने त्यांना साधा बटणांचा फोन आणून दिला. पूर्वी ती दर गुरुवारी यायची, ते हळूहळू बंद झालं. मला ते दिसत होतं. कामं असतील, असं मी स्वतःला सांगत राहिलो. काका जिन्यात भेटले की 'या खराडीकर' म्हणत होतेच, आणि मी घाईत असल्यासारखं करून वर निघून जात होतो.

दीड वर्षाने काका झोपेतच गेले. घर रिकामं करायला ताई आली, तेव्हा तिने मला बोलावलं. कपाटात तो फोन सापडला होता. "तू यातलं जाणतोस. काही परत मिळतं का बघशील?" तिने तो माझ्या हातात दिला.

"मिळणार नाही, ताई," मी म्हणालो. "काकांनी काही दाबलं नव्हतं. मी पुसलं. न तपासता, तपासलंय असं सांगून."

ती खुर्चीवर बसली. मी माफी मागितली, ती तिला ऐकू गेली की नाही कोण जाणे.

"गेल्या दिवाळीत त्यांनी तीनदा फोन केला होता," शेवटी ती म्हणाली. "'येतेस ना' म्हणून. मी म्हटलं, आईच नाही, तिचा आवाजही तुम्ही ठेवला नाहीत, येऊन काय करू?"