बूस्टर आमच्या भिंतीवर होता

पिक्चर रंगात आला होता. हिरोची आई खाटेवर शेवटचे श्वास मोजत होती आणि आमच्या घरात दाटीवाटीनं बसलेल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या पट्टीवर माझ्या बापाचं नाव आलं.

ती पट्टी म्हणजे आमच्या केबलवाल्याचा खास कारभार. एका चॅनेलवर तो व्हीसीआर लावून पिक्चर सोडायचा आणि खालून अक्षरं फिरवायचा. कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाचं नवीन किराणा दुकान, कुणाचा दहावा. गाव पिक्चर कमी आणि पट्टीच जास्त बघायचं. त्या रविवारी भर दुपारी पट्टीवर आलं, ‘केबलचे पैसे बुडवणारे. किसन्या, म्हारवाडा.’

दादाचं नाव किसन. बापाला आम्ही दादा म्हणायचो. गावाच्या तोंडात तो किसन्याच होता, पोराटोरांच्या तोंडातसुद्धा. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून वस्ती बौद्धवस्ती झाली, तीही गावाच्या तोंडात जुन्याच नावानं. तोंडात होतं तोवर आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता ते काचेवर आलं होतं. जायचं आणि पुन्हा यायचं.

घरात बसलेल्या बायांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, मी बारावीला होते. एसटीनं रोज श्रीरामपूरला कॉलेजात जायचे.

“काय गं लिवलंय? तुझ्या दादाचं नाव हाय जणू,” शेजारची सरूआत्या म्हणाली. कुणीतरी सही शिकवताना तिला चार अक्षरं शिकवली होती, त्यातलं ‘कि’ तिला ओळखता आलं असावं.

दादा दाराशी बसला होता. त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं. आता उठेल, शिवी घालेल, चौकात जाईल, असं मला वाटलं. उठला खरा. पण त्यानं दार लावून घेतलं, भर दुपारी, आतून कडी घालून. जसं काही चोरी आम्हीच केली होती. 

आता हे पैसे बुडवायचं काय प्रकरण होतं ते सांगते.

केबलवाला म्हणजे बंटीशेठ. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. त्याचा बाप साखर कारखान्यात डायरेक्टर, म्हणून पोरगा मिसरूड फुटायच्या आधीच शेठ झालेला. जयंतीच्या आधी दादानं जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आणला, तेव्हा हा शेठ आपल्या पायानं आमच्या दारात आला. “किसनराव” म्हणाला त्या दिवशी. काम होतं ना! त्याला चौकातल्या डिशच्या छत्रीपासून आमच्या वस्तीवरून पलीकडच्या कॉलनीत वायर न्यायची होती. कॉलनीत मास्तर, कारखान्याचे क्लार्क, आणि कॉलनीच्या टोकाला त्याचा स्वतःचा बंगला. इतक्या लांब चित्र पोचत नव्हतं. मधे कुणाच्या तरी घरी बूस्टर लावायला लागणार होता. बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक डबा. डबा आमच्या भिंतीवर आणि त्याला लागणारी लाईट आमच्या मीटरवर. त्या बदल्यात आम्हाला निम्म्या भाड्यात केबल.

“जयंती ते जयंती,” बंटीशेठ म्हणाला. “वर्षाचं आत्ताच देऊन टाका, मधी एक पैसा वाढवनार न्हाई. शब्द हाय आपला.”

दादानं वर्षाचे पैसे एकरकमी दिले. आईनं त्याला चहा केला. तो चहा त्यानं घेतला नाही, उपास आहे म्हणाला. वार कुठला होता तो कोण जाणे!

पोळा झाला आणि मोटरसायकल दारात आली. या वेळी किसनराव नव्हतं.

“ए किसन्या! रेट वाढला. च्यानलवाल्यांनी वरून वाढवलाय. पुढच्या म्हयन्यापासून पूर्ण भाडं द्यायचं, वाढीव.”

“शेठ, वर्साचं ठरलं हुतं की,” दादा म्हणाला. “पैसंबी दिल्यात.”

“ते जुन्या रेटचं. आता नवा.”

गाडीवरून खालीसुद्धा न उतरता गेला. दादा म्हणाला, सगळ्यांनाच वाढवलंय, आपण काय करणार? पण आई कॉलनीत एका मास्तरांच्या घरी भांड्याला जायची. तिथल्या बाईंनी सहज सांगितलं, “आम्हाला तर पुढच्या वर्षापासून म्हणालेत. आमचं वर्ष संपायचंय ना अजून.” आमचंही वर्ष संपायचं होतं. पण कॉलनीला दिलेला शब्द हा शब्द आणि आम्हाला दिलेला शब्द म्हणजे नुसती तोंडाची वाफ. मऊ लागलं की कोपरानं खणायचं, ही आमच्या गावाची जुनी रीत.

आई म्हणाली, “देऊ नका.” दादा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यानं वाढीव पैसे दिले नाहीत, बस्स. आणि त्याची ही शिक्षा, पट्टीवर.

तर दार लावलेलं. पिक्चरात हिरो रडतोय आणि खालून माझा बाप फिरतोय. कुणी माझ्याकडे बघेना. त्यांच्या त्या न बघण्यानंच माझं डोकं फिरलं. बूस्टरची पिन टीव्हीच्या पिनेशेजारीच बोर्डात होती. मी उठले आणि ती खसकन ओढली.

टीव्हीवर मुंग्या आल्या. आमच्या आणि आमच्यापुढच्या सगळ्यांच्याच. सगळ्या कॉलनीत मुंग्या. बंगल्यावर मुंग्या.

“काय केलंस गं?” दादा म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “आगं लाव, लाव ती आदी!”

मी पिन मुठीत धरून बसले. बाया एकेक करून मागच्या दारानं निघून गेल्या.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. उघडलं. चहा उकळायच्या आत मोटरसायकलचा आवाज आला, मागोमाग दुसरी. वस्तीतली दारं लागल्याचे आवाज मी ऐकले. बंटीशेठ आणि त्याचे दोन दोस्त. त्यानं दारावर लाथ घातली तशी दादानं कडी काढली आणि हात जोडून उभा राहिला.

“कुनी काढली?”

“पोरीकडनं चुकून...” दादा म्हणाला.

“चुकून न्हाई,” मी म्हणाले. “मी काढली. वर्षाचं ठरलं होतं. ते तुम्ही मोडलं.”

हे मी फार धीटपणे बोलले असं समजू नका. माझी पाचावर धारण बसली होती. आवाज शेळीसारखा निघाला. पुढं तो जातीवरून जे बोलला ते मी लिहीत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना पाठ आहे आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना मजा म्हणून वाचायला मिळू नये.

मग तो माझ्याशी बोललाच नाही. दादाकडे वळला. अगदी हळू म्हणाला, “किसन्या, शीझन तोंडावर आलाय. इसरू नको.”

शिवीनं जे झालं नाही ते या एका वाक्यानं झालं. दादा कारखान्यात सीझनचा कामगार होता. गाळप सुरू व्हायच्या आधी निरोप यायचा, तो आला तर काम. कितीतरी वर्षं तो परमनंट व्हायची वाट बघत होता. निरोप कुणाला जायचा ते डायरेक्टर ठरवायचे. आमची चूल, माझं कॉलेज, आईचं औषध, सगळं त्या निरोपावर. दादा माझ्याकडे आला, माझी मूठ उघडायला लागला. मी उघडू दिली नाही. जन्मात पहिल्यांदा मी बापाच्या हाताला हिसका दिला. बंटीशेठनं ते बघितलं आणि गाडीला किक मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बूस्टर सरूआत्याच्या भिंतीवर गेला. तिला केबल फुकट. ती नजर चुकवत म्हणाली, “माझी तीन पोरं हायेत बाई. मला नको ह्यो तंटा.” तिला मी काय बोलणार? भ्यायला तिलाही येत होतंच की.

मला वाटलं, संपलं. त्याला भिंत मिळाली, कॉलनीला चित्र मिळालं, आमची केबल कापली, वर्षाचे उरलेले पैसे त्याच्या खिशात. पण संपलं नव्हतं. त्यानंतर घरात सगळे दबकूनच वागायला लागले. गाडीचा आवाज आला की आई हातातलं भांडं खाली ठेवायची. एसटी स्टँडवर त्याचे दोस्त उभे असायचे, काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं करायचे. झोपेत पिन ओढायचे आणि दचकून उठायचे.

दिवाळीच्या तोंडाला कारखान्याचा बॉयलर पेटला. भोंगा झाला. वस्तीतली माणसं डबे घेऊन सायकलीवर निघाली. दादाला निरोप नव्हता. तो आंघोळ करून, कारखान्याचे कपडे घालून ओट्यावर बसून राहिला. दुपारी त्याच्याबरोबरचा एक माणूस सायकलवरून आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “शेठचा सांगावा हाय. पोरीला माफी मागाया धाड म्हनत्यात. उद्या कामावर ये.”

दादा मला म्हणाला, “जा. दोन शबूद बोलून ये. जीब काय झिजती का?”

मी आईकडे बघत राहिले. तिनं मान खाली घातली.

मी गेले. खरं सांगते, माफी मागायलाच गेले. वाटेत शब्द घोकत गेले, चुकले शेठ, पुन्हा होणार नाही. बंटीशेठच्या खोलीत वायरींचे वेटोळे, चार टीव्ही, तीन-चार दोस्त. त्यानं मला दारातच थांबवलं.

“नुसतं मला सांगून काय उपेग?” तो म्हणाला. “गावाची करमनूक बंद केलीस. गावाला सांग.”

लग्नाच्या शूटिंगचा त्याचा कॅमेरा होता. तो त्यानं खांद्यावर घेतला. एका दोस्तानं हॅलोजन लावला. “बोल. सांच्याला पिक्चरच्या आधी सोडतो.”

त्या उजेडानं माझे डोळे दिपले. मला काही दिसेना, फक्त कॅमेऱ्याचा लाल दिवा. घामानं पाठ भिजली. संध्याकाळी सगळं गाव जेवता जेवता मला बघणार. सरूआत्याच्या घरी आमची वस्ती बघणार. कॉलनीतल्या मास्तरीणबाई बघणार. दार लावून घेतलेला दादाही कुठंतरी बघणार. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ह्याला भिंत मिळालीय, पैसे मिळालेत, चित्र सुरू आहे. ह्याचं माझ्यावाचून काहीच अडलेलं नाही. ह्याला फक्त माझी खाली गेलेली मान पाहिजे, तीही पुन्हा पुन्हा लावून बघता येईल अशी.

“बोल की गं,” अंधारातून कुणीतरी म्हणालं, आणि हसलं.

मी लाल दिव्याकडे बघून बोलले. “माझ्या वडिलांचं नाव किसन आहे. त्यांनी वर्षाचे पैसे आधीच दिलेत. पैसे त्यांनी बुडवले नाहीत. तुम्ही बुडवलेत. मी माफी मागणार नाही. पट्टीवर टाकायचंच असेल तर तुमची माफी टाका.”

हॅलोजन विझला. कुणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं त्या क्षणी वाटलं, कारण पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं. बंटीशेठनं कॅमेरा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, “मेला तुझा बाप.” मी बाहेर आले. घरापर्यंत कशी चालले ते मला आठवत नाही. वाटेत गटाराच्या कडेला बसून ओकले एवढं आठवतं.

ती कॅसेट कधी लागली नाही. दादाला निरोप कधी आला नाही, त्या सीझनला नाही आणि पुढच्याही नाही. तो श्रीरामपूरच्या मार्केट यार्डात पोती वाहायला लागला. ज्या एसटीनं मी कॉलेजला जायचे त्याच एसटीनं तो जायचा. पुढच्या सीटवर बसायचा, माझ्याकडे पाठ करून. वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्याची पाठ वाकत गेलेली मी मागच्या सीटवरून रोज बघितली. लोक मला म्हणाले, एका टीव्हीसाठी बापाची रोजी घालवलीस. आईसुद्धा एकदा म्हणाली.

टीव्ही गेला चुलीत. आम्हाला दिलेला शब्द मोडला तरी चालतो, आणि वर माफीही आम्हीच मागायची, हे त्यांच्या अंगात जितकं मुरलं होतं तितकंच ते दादाच्याही अंगात मुरलं होतं. त्याच्या बापाकडून त्याच्यात आलं होतं. त्याच्याकडून ते माझ्यात येणार होतं. त्या लाल दिव्यापुढं अगदी माझ्या जिभेपर्यंत आलं होतं.

मी आजही घाबरते. नोकरीत साहेबानं केबिनमध्ये बोलावलं की हात गार पडतात. घाबरणं काही माझ्यानं सुटलं नाही, सुटणारही नाही. पण जी चूक माझी नाही तिची माफी मागायची नाही. दादाची पाठ वाकली तरी नाही, माझी वाकली तरी नाही, आणि उद्या माझ्या लेकराच्या घासावर कुणी हात ठेवला तरीही नाही.